निजल्या नवऱ्याचं गाणं

लग्नातला बँड ऐकायला कोणी येत नाही. लोक येतात जेवायला, मानपानावरून रुसायला, मुली बघायला आणि सोयऱ्यांची उणीदुणी काढायला. बँड असतो तो हे सगळं आवाजाखाली झाकायला. लोणावळ्यात राहून मी उभा जन्म हेच झाकायचं काम केलं. त्यामुळे लोक मला मास्तर म्हणतात. नवखा माणूस विचारतो, कुठल्या शाळेत होता? मी सांगतो, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत जेवढा रस्ता असेल, तेवढी माझी शाळा.

आमच्या घरात सनई-सूर पिढीजात. वडील सनई फुंकायचे, मी पुण्याच्या लष्करात एका पेन्शनर बाजेवाल्याचे पाय चेपून पितळी कॉर्नेट फुंकायला शिकलो आणि चुलतभावांना गोळा करून बँड काढला. कोट लष्कराच्या लिलावातले घेतले. ते गोऱ्यांच्या मापाचे होते आणि आम्ही मावळातल्या तांदळावर वाढलेले. ढोलवाला दौलू त्या कोटात असा बसायचा की समोरून ढोल आणि टोपी एवढंच दिसे, मध्ये माणूस आहे हे आवाजावरून कळायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बँड म्हणजे फुंकणं आणि बडवणं. खरं कसब वेगळं आहे. चढावर फुंकायचं नाही, चढावर ढोल-ताशा चालू द्यायचा आणि वाजवणाऱ्यांनी दम राखायचा. ज्या घरात नुकती गमी झाली असेल त्या दारावरून मुकाट्यानं जायचं. दोन्हीकडचे व्याही मानाच्या फेट्यावरून बोलायला लागले आणि पहिला आवाज चढला, की मी हात वर करायचो आणि दौलू ढोलावर तुटून पडायचा. माझ्या हयातीत किती सोयरिकी त्या ढोलानं वाचवल्या, ते दौलूला आणि मलाच ठाऊक. त्याबद्दल आमची पंगत शेवटची, आणि तीही मांडवाबाहेर. नवऱ्याला वाजतगाजत दारापर्यंत आणायचं काम आमचं, दाराच्या आत आमचं काही नाही. बुंदी आमच्यापर्यंत येईतो संपलेली असायची. याचा मला तेव्हा राग यायचा आणि अजूनही येतो.

पण मला सांगायचं आहे ते गाण्याचं. पहिल्या जर्मन लढाईच्या सुमारापासून दुसरी लढाई संपेपर्यंत मावळात एकही लग्न या गाण्यावाचून झालं नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलं असेल, म्हटलंही असेल:

नवरा निजला गाडीत बाई, बाशिंग डोईवर,
तळेगाव गेलं मागं गं, आलं चिंचवड समोर,
उठवा गं कुनीतरी उठवा, नवरी उभी दारावर.

यामागची हकिगत सगळ्या मावळाला पाठ होती. कुसगावचा नवरा, नवलाख उंबरे गावची नवरी. वऱ्हाड लोणावळ्याहून रेल्वेनं निघालं, तळेगावला उतरून पुढं बैलगाड्यांनी जायचं होतं. आदल्या रात्री घरी जागरण-गोंधळ झालेला, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. बायाबापड्यांच्या थट्टेला कंटाळून तो शेजारच्या डब्यात जाऊन बसला आणि झोपला. तळेगावला सगळं वऱ्हाड उतरलं. पुरुषांना वाटलं नवरा बायकांच्या गाडीत आहे, बायकांना वाटलं पुरुषांच्या. बैलगाड्या वाजतगाजत उंबऱ्याला पोचल्या, मांडवाच्या दारात पाय धुवायला पाणी आलं, आणि मग धुवायला पाय नाहीत असं ध्यानात आलं. नवरा तोवर बाशिंग, हळद आणि हातातली कट्यार यांसकट पुण्याला निघाला होता. तो मिळेल त्या गाडीनं परतला, उशिरा का होईना लग्न लागलं. पण तो यायच्या आत गाणं तयार झालेलं होतं, उंबऱ्याच्या बायांनी ते मांडवातच रचलं.

गाणं म्हणाल तर तीन-चार सुरांत हिंडणारी चाल. त्यात राग नाही, ताना नाहीत. मग ते एवढं टिकलं कशानं? मी ते इतक्या वेळा वाजवलं आहे की मला सांगायचा हक्क आहे. त्या गाण्याला शेवट नाही. ज्याला कुठलंही एक गाव ठाऊक आहे, त्याला एक कडवं जोडता येतं. खडकी झाली, पुणं झालं, दौंड झालं. बाप लढाईवर गेला होता त्या घरात नवरा बसऱ्याला पोचला. दुसऱ्या लढाईत तो रंगूनला गेला. ज्यांनी सात जन्मांत घाट उतरला नाही अशा बाया भात लावताना त्याला समुद्रापार नेऊन सोडायच्या, आणि नवरी आपली उंबऱ्याच्या दारात उभीच.

मग जो तो ते गाणं उचलू लागला. तमाशावाल्यांनी उचललं, त्यात नाच्या नवरीचा शालू नेसून गाडीमागं धावायचा आणि सोंगाड्या नवरा खिडकीतून घोरायचा. एका शाळामास्तरांनी उशिरा उठणाऱ्या मुलाची शाळा कशी बुडते यावर ते बेतलं, पोरांनी ते चालीवर म्हटलं आणि उशिराच उठली. रेल्वेचे गँगवाले रूळ उचलताना तेच म्हणत. प्रभातफेरीत निजलेला नवरा म्हणजे देश आणि दारातली नवरी म्हणजे स्वातंत्र्य, असं झालं. ते ऐकून टिपायला आलेला हवालदार निघताना ‘आलं चिंचवड समोर’ गुणगुणत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वडगावला एका कीर्तनकारबुवांनी त्यावर पूर्ण निरूपण केलं. नवरा म्हणजे जीव, गाडी म्हणजे संसार, स्टेशनं म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनी. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बुवा, मंग तिकीट म्हंजी काय?” बुवा म्हणाले, “नामस्मरण.” म्हातारा म्हणाला, “आन तिकीट न्हाई काढलं तर?” बुवांनी घाईनं आरती सुरू केली.

एकदा मुंबईच्या एका रेकॉर्डवाल्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांची असते हे आम्हाला तिथं कळलं. आम्ही रंगात येऊन खडकीला पोचलो आणि साहेबानं हात वर करून थांबवलं. दुसऱ्या बाजूला पुढचं गायचं, तर रेकॉर्डवाल्यांनी गायला आणलेल्या बाईंना आपण कुठवर आलो होतो ते आठवेना. त्यांनी पुन्हा तळेगावपासून सुरुवात केली. म्हणजे ती रेकॉर्ड तुम्ही जन्मभर उलटी-सुलटी करत बसा, नवरा तळेगाव ते खडकी एवढाच प्रवास करणार. तरी ती खपली. लोक दुकानात परत जाऊन म्हणायचे, ही अर्धी आहे, पुढची द्या. लोणावळ्याच्या बाजारातल्या चहावाल्यानं महिन्याभरात ती वाजवणं बंद केलं. गिऱ्हाइकं एका कपावर बसून राहायची, नवरा आल्याशिवाय उठायची नाहीत.

आणि या सगळ्यात तो नवरा जिवंत होता. कुसगावात राहत होता, भात पिकवत होता. आम्ही त्याला म्हादूआबा म्हणायचो.

आबा उंच, हाडापेरानं मजबूत आणि मनानं सरळ माणूस होते. थट्टेला रागावणारे नव्हते. त्यांची तक्रार निराळीच होती. एकदा कुसगावच्याच एका लग्नात आम्ही ती चाल धरली आणि आबा काठी घेऊन दौलूच्या ढोलापुढं आडवे उभे राहिले.

“मास्तर,” ते म्हणाले, “मला तळेगावला उतरवा.”

मला आधी कळेचना. मी म्हटलं, “आबा, गाडी कुठं आहे?”

“गान्यातली. मी निजलो, खरं हाय. त्याची लाज न्हाई मला. रातभर जागा व्हतो, निजलो. पन मी उठलो का न्हाई? म्हागारी आलो का न्हाई? लगीन लागलं, चार लेकरं झाली. आन तुमच्या गान्यात मी अजून गाडीतच. लोकान्ला वाटतंय मी आलोच न्हाई.”

“आबा, आम्ही नुसती चाल वाजवतो. त्यात शब्द नाहीत. कॉर्नेटमधून तुम्हाला कसं उतरवू?”

“तुमच्या बाजात नसतील. लोकांच्या डोस्क्यात हायेत.”

त्यांनी स्वतः एक कडवं रचलं होतं, ते त्यांनी तिथंच म्हणून दाखवलं. नवरा उठला, पुण्याला उतरला, माघारी आला, अक्षता पडल्या, संपलं. मी ते दुसऱ्या एका लग्नात वऱ्हाडातल्या एका गाणाऱ्या पोराकडून म्हणवून घेतलं. लोक चालायचे थांबले. एकानं विचारलं, “मग?” दुसरा म्हणाला, “मग काय, जा घरी.” वरात जागीच मोडायला लागली, तेव्हा घाबरून त्या पोरानं नवऱ्याला परत गाडीत बसवलं आणि मिरवणूक पुढं सरकली. तमाशावाल्यांचाही असाच अनुभव. नवरा मांडवात पोचला की लोक उठून चप्पल शोधायला लागत.

आबांची बायको बायजामावशी, म्हणजे त्या गाण्यातली दारावरची नवरी. ती या वादात कधी पडली नाही. बाजारात अनोळखी बाया तिला विचारायच्या, “आला का गं?” ती भाजी निवडत राहायची.

आता घोड्याची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोणावळ्यात हवा खायला येणाऱ्या मंडळींसाठी टांगे आणि तट्टं असत. टांगेवाल्या कादरभाईंचा नवाब नावाचा घोडा त्यांतला सगळ्यात देखणा, पांढरा आणि शांत. लग्नसराईत नवरदेवासाठी तोच जायचा. टांग्याचा घोडा बँडला बुजतो. ढोल वाजला की तो नवरदेवाला घेऊन कुठल्याही गावाला जाऊ शकतो. म्हणून आम्ही तालीम करायचो तेव्हा कादरभाई त्याला आणून उभा करायचे आणि दौलूच्या खिशातले हरभरे तो वाजवता वाजवता नवाबाला चारायचा. तालमीला आम्ही नव्या पोरांना सोपं म्हणून तेच एक गाणं शिकवत असू. त्यामुळे झालं असं, की नवाबाला बँडची सवय झालीच नाही, फक्त त्या गाण्याची झाली. ती चाल सुरू झाली की तो दौलूच्या मागं निघायचा, थांबली की थांबायचा, आणि दुसरी कुठलीही चाल वाजवली तर कान मागं पाडून चारी पाय रोवायचा. आम्हाला यात काही चुकलंय असं वाटलं नाही. ते गाणं कुठल्या लग्नात नसेल, अशी कल्पनाच आमच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

आणि आबांच्या धाकट्या मुलीचं, सुंदराचं, लग्न ठरलं. मुलगा सुदुंबऱ्याचा. मुलाकडच्यांचा हट्ट की परण्या, म्हणजे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची नवरदेवाची मिरवणूक, बँड लावून घोड्यावरूनच निघाली पाहिजे. आबा मला ठरवायला आले तेव्हा बेलभंडार घेऊनच आले.

“मास्तर, उचला. माझ्या लेकीच्या लग्नात ते गानं वाजवनार न्हाई म्हना. मांडवाच्या दारात नवरा कधीच न येन्याचं गानं, आन ते माझ्याच दारात. माझ्या पोरीला असलं काय नगं.”

त्यांचा आवाज कापत होता. त्या आवाजापुढं मला घोडा आठवला नाही. मी खंडोबाची शपथ घेऊन भंडारा उचलला.

लग्न गोरजावर होतं. ऊन उतरणीला लागलं तसे आम्ही मारुतीच्या देवळापुढं उभे राहिलो. नवरदेव पाया पडून आला, नवाबावर चढला. मी एका भजनाची चाल धरली. नवाबानं कान पाडले. दुसरी चाल धरली, त्यानं मान खाली घातली. मी कादरभाईंकडं पाहिलं, कादरभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

“मास्तर, अपनावाला लगाव ना,” ते हळूच म्हणाले.

“भंडारा उचललाय.”

“अरे या अल्ला,” कादरभाई म्हणाले आणि घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून उभे राहिले.

देवळापासून मांडव दिसत होता. दारातलं आंब्याचं तोरण दिसत होतं, पाण्याचा तांब्या घेतलेली करवली दिसत होती. मधे पाखरू उडून जाईल एवढा रस्ता. मी लष्करी कवायतीची चाल वाजवली, आरत्या वाजवल्या, साहेबाच्या नाताळात शिकलेलं एक इंग्रजी गाणं वाजवलं. त्या इंग्रजी गाण्याला नवाब दोन पावलं मागं गेला आणि देवळाच्या पायरीला टेकला. दौलूनं हरभरे दाखवले. ते त्यानं खाल्ले आणि उभाच राहिला.

मी म्हटलं, नवरदेवाला उतरवा, चालत जाऊ दे. नवऱ्याचे मामा भडकले. “घोड्यावर बसल्याला नवरा मांडवाच्या दारातच उतरतो. मधी उतरला तर अपशकुन. आमच्यात न्हाई चालत.” चौघांनी घोडा मागून ढकलून पाहिला. मग कुणीतरी म्हणालं, घोडा दाराकडं जात नसेल तर दार घोड्याकडं आणा. हे सगळ्यांना पटलं. दोन बांबूंना तोरण बांधून ते नवाबापुढं उभं करायचं, त्यालाच दार म्हणायचं, नवऱ्याला त्याच्याखाली उतरवायचं. भटजींना विचारलं. भटजी पंचांग उघडून म्हणाले, “दार चालेल, पण दाराला मेढ हवी, आणि मुहूर्तमेढ एकदा रोवली की उपटत नाहीत.” त्यावर दार म्हणजे नक्की काय, याची चर्चा सुरू झाली. गावातली शहाणीसुरती माणसं त्यात इतकी रंगली की सूर्य डोंगराला टेकत आला तरी कुणी वर बघेना. नवरदेव बिचारा बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला सारून एकेकाचं तोंड बघत होता.

मांडवातल्या बाया दारात येऊन तमाशा बघायला लागल्या होत्या. त्यातली एक गुणगुणली, “नवरा बसला घोड्यावर बाई...” आणि दुसरीनं पुढचं जोडलं. आबांनी ते ऐकलं. त्यांच्या लेकीच्या नावानं दुसरं गाणं तयार व्हायला लागलं होतं.

तेवढ्यात मुलाचे मामा म्हणाले, “मुहूर्त टळला तर आमी वऱ्हाड घेऊन माघारी जातो.” इकडच्या एका भावकीतल्या माणसाला ते झोंबलं. तो म्हणाला, “जावा की. मुहूर्त रिकामा जाऊ देत न्हाई आमी. मांडवात लग्नाची पोरं काय कमी हायेत?” हे नुसतं बोलणं राहिलं नाही. मावळात मुहूर्तासाठी ऐन वेळी दुसरा नवरा उभा केल्याची उदाहरणं होती. पाहता पाहता वाढप्यांतल्या एका मुलाला कुणीतरी धरून नेलं, आणि तो तोंड धुऊन, भांबावून, मांडवाच्या दारात उभाही राहिला. सुंदरा आत पाटावर बसलेली. तिच्या कानावर हे सगळं जात होतं. तिचा हुंदका मला रस्त्यापर्यंत ऐकू आला असं मी म्हणणार नाही, पण दौलूनं ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या.

तेव्हा बायजामावशी मांडवातून बाहेर आली. हातात ओवाळायचं ताट तसंच होतं. व्याह्यांपुढं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर रस्त्यातून चालत ती आमच्यापुढं येऊन उभी राहिली.

“मास्तर, वाजवा ते.”

“मावशी, मी भंडारा उचललाय. आबांनी सोडवल्याशिवाय मला वाजवता यायचं नाही.”

ती आबांकडं वळली. “अवो, सोडवा ह्यान्ला.”

“न्हाई,” आबा म्हणाले. “पोरीचं लगीन मोडलं तर मोडू दे. उंबऱ्याच्या बायांनी माझा जलमभर इस्कोट केला. ते गानं माझ्या दारात वाजनार न्हाई.”

“ते गानं उंबऱ्याच्या बायांनी न्हाई केलं.”

“मंग कुनी केलं?”

“म्या.”

चार माणसांदेखत नवऱ्याशी वाद घालणारी बाई ती नव्हे, हे साऱ्या कुसगावाला ठाऊक होतं. तिनं ताट कादरभाईंच्या हातात दिलं.

“तुमी आला न्हाईत,” ती म्हणाली. “मुहूर्त टळाया लागला. माझ्या चुलत्यानं मांडवातनं एक बिजवर उटवला. त्याच्या डोईला माझ्या भावाचा फेटा बांधला, आन अंतरपाटासमोर उभा बी केला. भटजी म्हनाले, चला, म्हनू मंगलाष्टकं. मी पाटावर. मला काय बोलता येतंय? माझी थोरली भन बाजूला व्हती. तिच्या कानात मी म्हनलं, देवाचं गानं म्हन, देवाचं गानं सुरू हाय तंवर मंगलाष्टक म्हनू नये असं सांग. तिनं सांगितलं. भटजीला काय ते ठावं न्हवतं, त्यो गप बसला. मंग मी एकेक ओळ तिच्या कानात सांगायची, ती म्हनायची, बाया मागनं म्हनायच्या.”

“देवाचं?” आबा म्हणाले. “त्यात देव कुटं हाय?”

“पयल्या ओळीत व्हता. मंग घाईत ऱ्हायला. मला तुमीच सुचत व्हता. कुनी म्हनत व्हतं पळून गेला, कुनी म्हनत व्हतं गाडीखाली गेला. मी म्हनलं, निजला असंल. निजला म्हनलं की येनार म्हनून ऱ्हातंय. गानं सपलं की अक्षता पडनार, म्हनून म्या ते सपू दिलं न्हाई. तळेगावपास्नं पुन्यापत्तुर स्टेशनं बापाकडनं ऐकल्याली, ती सपली. मंग मामाच्या गावची नावं घातली. मंग कुनी वऱ्हाडातनं दौंड म्हनलं, ते घातलं. त्यो बिजवर घामानं भिजला, भन बसली घसा धरून, तरी मी आपली सांगतीया. तुमी दारात दिसला तवा मी सोलापुरात व्हते.”

आबांच्या हातातली काठी कधी खाली पडली ते त्यांना कळलं नाही.

“आन एवढी वर्सं बोलली न्हाईस?”

“तुमी कवा इचारलंत? तुमी गानं बंद करा, गानं बंद करा, एवढंच म्हनायचात. ते बंद पडलं असतं तर त्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरी गेले असते. माझ्या तोंडानं कसं बंद करा म्हनू?”

आबा तिच्याकडं पाहत राहिले. मी पुष्कळ नवरे पाहिले आहेत, अंतरपाट दूर होताना त्यांची तोंडं कशी होतात तेही पाहिलं आहे. त्या दिवशी त्या रस्त्यात तसं तोंड झालं ते घोड्यावरच्या पोराचं नव्हे, पन्नाशीतल्या आबांचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्यांनी वाकून रस्त्यावरची माती चिमटीत घेतली, माझ्या कपाळाला भंडाऱ्यासारखी लावली आणि म्हणाले, “मास्तर, सुटलात. वाजवा.”

मी कॉर्नेट तोंडाला लावलं. पहिला सूर फाटका आला. नवाबाला तेवढा पुरला. त्यानं कान उभे केले, दौलूकडं पाहिलं आणि चालायला लागला. बाया गाऊ लागल्या, मामा गाऊ लागले, कादरभाई ओवाळायचं ताट हातात घेऊन गाऊ लागले. तोंड धुतलेला वाढपी पळत जाऊन परत वरणाच्या बादलीशी उभा राहिला. डोंगरावर सूर्याची एक कड उरली असताना नवरदेव खऱ्या दारात खऱ्या तोरणाखाली उतरला. नवाब मात्र थांबेना, कारण घाईत आम्हीच थांबायला विसरलो होतो. तो दौलूच्या मागोमाग मांडवात शिरला, आणि त्याच्या मागोमाग आम्ही. बँड मांडवाच्या आत गेला असा तो माझ्या हयातीतला एकच प्रसंग, आणि कुणी आम्हाला बाहेर जा म्हणालं नाही.

अक्षता पडल्या. पुढं मी आणखी पुष्कळ लग्नं वाजवली. आता लग्नात लाऊडस्पीकर लावतात, त्याला दम लागत नाही आणि बुंदीही लागत नाही. ते गाणं त्यावरही ऐकू येतं. कुणी ते रचलं याबद्दल छापून आलेलं मी वाचतो, विद्वान लोक ते आंदर मावळातलं की पवन मावळातलं यावर भांडतात. मी मधे पडत नाही. ज्या बाईनं ते केलं, तिला त्याचं नाव नको होतं, नवरा हवा होता.

त्या दिवशी मांडव ओसरल्यावर आम्ही वाद्यं बांधत होतो. आबा माझ्यापाशी आले. मागं मावशी भांडी गोळा करत होती, तिच्याकडं एकदा पाहून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, “मास्तर, तुमी लय गावं हिंडलाय. सोलापूरच्या फुडं कोनतं स्टेशन लागतं?”